भावाच्या कबरीवर ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ असं लिहावं का?

सोलापूरच्या एका ताईंनी हे विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय ३४, गेल्या पावसाळ्यात आत्महत्या करून गेला. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, संडे स्कूलच्या पोरांना शिकवणारा, नाताळात गायनमंडळाबरोबर तबल्याला बसणारा मुलगा. सांत्वनाच्या सभेत नात्यातल्याच एका काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘पश्चात्तापाला वेळच ठेवला नाही त्याने. आता तारण कुठलं?’’ तेव्हापासून आई प्रभुभोजनाला पुढे जात नाही, मागच्या बाकावर बसून राहते. आता वर्ष होत आलं, कबरीवर दगड बसवायचा आहे. घरच्यांना त्यावर ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ असं कोरायचंय, आणि चर्चच्या पंचांपैकी दोघांचा त्याला विरोध आहे. ताईंचे प्रश्न तीन: हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय? माझ्या भावाचं तारण गेलं का? दगडावर काय लिहू?

ताई, तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. लिहा. पाथरवटाला उद्याच मजकूर द्या. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल.

मी सोलापूर आणि आसपासच्या मंडळ्यांमध्ये एकतीस वर्षं पाळक होतो, आता निवृत्त आहे. या काळात आत्महत्या केलेल्यांचे दफनविधी किती केले ते मोजलेलं नाही, पण चेहरे सगळे आठवतात. त्यातला पहिला मी नीट केला नाही. तिथूनच सुरुवात करतो, नाहीतर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल.

गिरण्या बंद पडायचे ते दिवस. पंचेचाळिशीतला एक कामगार, दोन मुली. मी नवखा. पंचांनी ठरवलं: पेटी देवळात आणायची नाही, घरूनच कबरस्तानात न्यायची, आणि जागा पश्चिमेच्या भिंतीकडची. मी मान डोलावली. त्यांनी आणखी एक सुचवलं, की विधी ‘थोडक्यात’ करा. थोडक्यात म्हणजे काय हे मला बरोबर कळलं. ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ इथपर्यंत वाचायचं, आणि पुढची ओळ, सार्वकालिक जीवनाच्या पुनरुत्थानाच्या निश्चित आशेची, ती गाळायची. मी गाळली. त्या कामगाराच्या बायकोने पेटीवर घालायला नवी कोरी चादर आणली होती, घडीच्या रेघा तशाच होत्या. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या वेळी हाच विधी त्या बाईने ऐकलेला होता. मी पुस्तक मिटलं तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘साहेब, एक ओळ राहिली.’’ मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आता पहिला प्रश्न, कुठे लिहिलंय.

तुमच्या काकांनी सांगितलं तसं बायबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. आपल्या हाताने मरण पत्करणारी जी माणसं शास्त्रात आहेत ती मोजकी: अबीमलेख, शमशोन, शौल आणि त्याचा शस्त्रवाहक, अहीथोफेल, जिम्री, आणि नव्या करारात प्रभूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत. यातल्या एकाच्याही बाबतीत ‘या मरणामुळे त्याचं तारण गेलं’ असं वाक्य नाही. जिम्रीच्या मरणाचं कारण म्हणून त्याची पापं सांगितली आहेत, पण ती त्याने राजा म्हणून केलेली. अहीथोफेलविषयी तर शास्त्र शांतपणे सांगतं की त्याला त्याच्या बापाच्या कबरीत पुरलं. भिंतीकडेला नाही, बापाच्या कबरीत. शौलाचं प्रेत शत्रूंनी गावाच्या तटाला टांगलं होतं. याबेश-गिलादची माणसं रातोरात चालत गेली, ते उतरवून आणलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दावीदाने त्याच्यासाठी विलापगीत रचलं. त्या गीतात शौल कसा मेला याची चिकित्सा नाही. आणि शमशोन? इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायातल्या विश्वासवीरांच्या यादीत त्याचं नाव आहे. शमशोनाचं मरण वेगळ्या जातीचं, ते शत्रूवर घाव घालताना आलेलं, असं कोणी म्हणेल. मान्य. म्हणून मी त्याच्यावर फार भार टाकत नाही.

यहूदाचं नाव मात्र सभेत कोणीतरी काढतंच. त्याच्याविषयी प्रभूने उच्चारलेलं कडक वाक्य, की तो जन्मलाच नसता तर बरं झालं असतं, हे शेवटच्या भोजनाच्या वेळचं आहे. म्हणजे त्याच्या मरणाच्या आधीचं, आणि विश्वासघाताविषयीचं. त्याच्या मरणाचा त्यात उल्लेखही नाही.

दुसरं वचन काढतात ते पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचं, तिसऱ्या अध्यायातलं: देवाचं मंदिर जो नष्ट करील त्याचा देव नाश करील. इथे आपल्या भाषेचा एक फायदा घ्या. मराठी बायबलात एकट्या माणसाला ‘तू’ म्हणतात, देवालासुद्धा ‘तू’. या ठिकाणी ‘तुम्ही’ आहे, मूळ ग्रीकमध्येही अनेकवचन आहे. पौल इथे अख्ख्या करिंथच्या मंडळीशी बोलतोय. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोचा’ म्हणून तिथे तट पडले होते. मंडळी फोडणाऱ्यांना दिलेली ती ताकीद आहे. दुःखाने पिचलेल्या घरावर तीच उगारणारा माणूस मंडळीच्या मंदिराचं काय करतो, हा प्रश्न मी एकदा पंचांच्या बैठकीत विचारला होता. चहा अर्धा टाकून दोघं उठून गेले.

मग आत्महत्या पाप नाही का? आहे. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. ‘खून करू नको’ ही आज्ञा आपल्याकडे सहावी, कॅथोलिकांच्या मोजणीत पाचवी. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या आज्ञेचा एक बारकावा दाखवला. खोट्या साक्षीच्या आज्ञेत ‘शेजाऱ्याविरुद्ध’ असा शब्द आहे, या आज्ञेत तो नाही. म्हणजे स्वतःचा जीवही तिच्यात आला. पण तो हे कशासाठी लिहीत होता तेही सांगायला हवं. ४१० साली रोम लुटलं गेलं, तेव्हा अत्याचार झालेल्या ख्रिस्ती बायकांना लोक विचारत होते, तुम्ही जीव का दिला नाही? ऑगस्टीन म्हणाला, त्यांनी जगावं, कलंक त्यांचा नाही. जगणाऱ्या बायकांच्या बाजूने केलेला हा युक्तिवाद पुढे मेलेल्यांच्या विरोधात वापरला गेला.

तुमच्या काकांचं वाक्य खरं म्हणजे तेराव्या शतकातलं आहे. थॉमस अक्वायनस या कॅथोलिक धर्मपंडिताने आत्महत्येविरुद्ध तीन कारणं दिली: ती निसर्गाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे, आणि जीवनदात्या देवाच्या अधिकाराविरुद्ध आहे. त्याच ठिकाणी त्याने हेही लिहिलं, की तिच्यानंतर पश्चात्तापाला वेळ उरत नाही. आपण अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतली माणसं, एरवी कॅथोलिकांचं काही म्हटलं की भुवया उंचावणारी, आणि नेमकं हेच वाक्य आपल्या पंचांना तोंडपाठ! दफन नाकारण्याची रीत त्याहून जुनी, सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या धर्मसभेपासूनची. १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या आधी सूचनाच आहे, की स्वतःवर हात टाकणाऱ्यांसाठी हा विधी वापरू नये. इंग्लंडात अशांना चव्हाट्यावर पुरायची चाल १८२३च्या कायद्याने बंद झाली. म्हणजे भिंतीकडेच्या कबरी आपल्याकडे आल्या त्या रूढीतून. शास्त्रातून नव्हे.

आणि ज्या कॅथोलिक चर्चकडून हे आलं, त्यांनी स्वतः ते सोडलं आहे. १९१७च्या त्यांच्या धर्मविधीसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला दफन नाकारलेलं होतं, १९८३च्या संहितेत ते कलम नाही. १९९२च्या त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथात आत्महत्येला गंभीर पाप म्हटलंय, पण त्याला जोडूनच सांगितलंय की तीव्र मानसिक आजार, भयंकर भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. त्यांच्याकडे प्राणघातक पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: गंभीर कृत्य, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती. तुमच्या भावाला शेवटचे तीन महिने झोप नव्हती, जेवण सुटलं होतं, घरात असूनही तो घरात नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. आता त्याची ‘पूर्ण संमती’ कोणी मोजायची?

दुसऱ्या प्रश्नाला इथेच हात घातला जातो. तारण गेलं का?

‘पश्चात्तापाला वेळ मिळाला नाही’ हा नियम खरा धरला तर कोण वाचेल? पुण्याहून येताना मोहोळजवळ अपघातात गेलेला माणूस तासाभरापूर्वी बायकोशी भांडला होता. झोपेत हृदय बंद पडलेल्या आजींच्या मनात सुनेविषयी काय काय होतं ते देवाला ठाऊक. त्यांच्या सभेत आपण ‘प्रभूने आपल्या दासीला विसावा दिला’ म्हणतो. प्रत्येक पापाची शेवटची पावती फाडून मगच आत सोडणारा देव आपल्याला वधस्तंभावर भेटलेला नाही. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांचं वचन आपण पोरांकडून पाठ करून घेतो. मग मरणाच्या क्षणी अचानक शेवटचं कर्म कृपेपेक्षा मोठं कसं होतं? प्रभूने अक्षम्य म्हणून एकच पाप सांगितलं, पवित्र आत्म्याची निंदा. आत्महत्येचं नाव त्याने तिथे घेतलेलं नाही. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट काढून बघा. ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काय काय वेगळं करू शकत नाही याची पौलाने यादी दिली आहे. त्या यादीतला पहिला शब्द ‘मरण’ आहे. कुठलं मरण, हे त्याने लिहिलेलं नाही.

तरी मी तुम्हाला ‘तो नक्की स्वर्गात आहे’ असं प्रमाणपत्र देत नाही. तसं मी कोणाच्याच बाबतीत देत नाही, माझ्या आईच्याही दिलं नव्हतं. न्याय करणं माझं काम नाही, काकांचंही नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा आजारी पडून गेला, तर त्याला आपण ख्रिस्ताच्या हाती सोपवतो. तुमच्या भावालाही तसंच सोपवायचं, त्याच शब्दांत, एकही ओळ न गाळता.

प्रोटेस्टंट सुधारणेचा जनक मार्टिन ल्यूथर याचं या बाबतीतलं बोलणं मला फार वर्षांनी सापडलं. आत्महत्या करणारे सगळे नक्की नरकात जातात असं त्याला वाटत नव्हतं. रानात दरोडेखोराने गाठून ठार केलेल्या माणसासारखं ते आहे, असं तो म्हणाला. पण त्यापुढे तो असंही म्हणाला, की हे सामान्य लोकांना शिकवू नये, सैतानाला वाव मिळेल.

ल्यूथरची ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पंचांचा खरा मुद्दाही तोच असतो: ‘‘साहेब, क्षमा आहे म्हणून सांगाल तर उद्या आणखी कोणी करील.’’ मीही याच भीतीने बरीच वर्षं गप्प होतो. मग जिवावर बेतून वाचलेल्या माणसांपाशी सिव्हिलमध्ये बसायला लागलो. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी कोणी क्षमेचा हिशोब करून त्या टोकाला गेलेलं नव्हतं. नरकाच्या धाकाने थांबलेलेही फार भेटले नाहीत. बहुतेकांना वाटत होतं की आपण आधीच नरकात आहोत, आणि घरच्यांवर ओझं आहोत. नरकाच्या धाकाने एक मात्र नक्की होतं: ज्याच्या मनात असे विचार येतात तो पाळकाला सांगत नाही. पाळकाकडे जाण्याआधीच त्याने स्वतःला दोषी ठरवलेलं असतं.

हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात आज तसे विचार असतील तर त्याला एवढंच सांगतो. मेलेल्याला देव टाकत नाही हे मी आईच्या समाधानासाठी लिहितोय, तुला वाट दाखवण्यासाठी नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला. देवाने त्याला रागावलं नाही आणि त्याची प्रार्थना मान्यही केली नाही. भाकर आणि पाणी ठेवलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. मोशे, ईयोब, योना या सगळ्यांनी मरण मागितलं आहे, आणि देवाने एकालाही ते दिलं नाही. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि गोळ्या सुरू झाल्या म्हणजे विश्वास कमी पडला, असं सांगणारा पाळक भेटला तर त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या कंपनीच्या आहेत ते विचारा. पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलंय, आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही.

कृपेवर मी हल्ली जास्त बोलत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवतो. यहूदाला पस्तावा झाला तेव्हा तो तीस रुपये परत घेऊन मंदिरात गेला. ‘मी पाप केलं’ हे त्याने उघड कबूल केलं, कोणापुढे, तर याजकांपुढे. आणि याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तुझं तू बघ. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा प्रसंग फिलिप्पैचा. भूकंपाने तुरुंगाची दारं उघडली, कैदी पळाले असं वाटून अधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघाला. आतल्या अंधारातून पौल ओरडला: स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री त्या माणसाचा घरच्यांसकट बाप्तिस्मा झाला. एकीकडे मंदिरातले याजक, दुसरीकडे फटके खाऊन खोड्यात पाय अडकलेला कैदी. मंडळीत एखाद्याचं वागणं बदललेलं दिसलं की आपण यांतलं कुठलं वाक्य बोलतो, हे तुमच्या त्या दोन पंचांना जमलं तर विचारा. भांडणाच्या सुरात नको.

आता आईंविषयी, कारण मला तुमच्या पत्रात दगडापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटली. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरात मागे राहिलेल्यांनाही धोका वाढतो. त्यांना सरळ विचारा: ‘‘आई, तुझ्याही मनात जीव द्यायचे विचार येतात का?’’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून श्वास सुटतो. ‘हो’ म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ‘नाही’ म्हणाल्या तरी महिन्याने पुन्हा विचारा. भावाचं नाव घरात घ्या. नाताळात तबला कोण वाजवणार हा विषय निघाला की सगळे गप्प होत असतील, तर होऊ नका. प्रभुभोजनाला त्यांना ओढून नेऊ नका. तुमच्या पाळकांना घरी बोलवा, स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ बसूनही भाकर आणि द्राक्षारस देता येतो, मी दिला आहे. त्या वेळी ८८वं स्तोत्र वाचायला सांगा. सगळ्या स्तोत्रांत तेच एक अंधारात संपतं, शेवटी ‘तरी मी स्तुती करीन’ असं काही येत नाही. आईंना सध्या तेच परवडेल.

पंचांनी अडवलं तर मजकूर पाळकांना लेखी द्या आणि नकाराचं कारण वचनासकट लेखी मागा. माझ्या अनुभवात असं लेखी कारण कधी आलेलं नाही. दगडावर पूर्ण नाव, दोन्ही तारखा, आणि तुम्हाला हवी ती ओळ. मरणाचं कारण लिहायची गरज नाही. ते कोणाच्याच दगडावर नसतं.

त्या गिरणी कामगाराच्या बायकोकडे मी सहा वर्षांनी गेलो. बिड्या वळत बसल्या होत्या, मांडीवर सूप. मी म्हणालो, बाई, ती ओळ वाचायला आलोय. त्यांनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागल्या. कबरस्तान जवळच होतं. भिंतीकडे गवत वाढलेलं, जागा त्यांनीच दाखवली. मी विधी पहिल्यापासून वाचला, त्या ओळीसकट. त्यांनी आमेन म्हटलं नाही. परत येताना म्हणाल्या, पोरींना पण घेऊन यायला हवं होतं, रविवारी या. रविवारी पुन्हा गेलो.